लोकांचे नऊ, माझं शून्य

सन २०१७. मला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या दिवाळीत मी जेवढा भ्यालो तेवढा बायको गेली तेव्हाही भ्यालो नव्हतो. आणि भ्यालो कशाला, तर चित्रांच्या एका पुस्तकाला. हसायचं असेल त्यानं हसून घ्यावं.

माझं शिक्षण चौथी. चौथीचा निकालही मी पाहायला गेलो नाही, त्या दिवशी बैल हरवला होता. पण अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी एकतीस वर्षं कापूस पाहिला. पाहिला म्हणजे, गाडी आली की कोपरापर्यंत हात आत घालायचा, तळातला कापूस काढायचा, दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि सांगायचं, माल कसा आहे ते. वरून पांढरा आणि आत ओला, असा माल पुष्कळ यायचा. एकदा शेठ म्हणाला, बाकीचे सगळे चांगला म्हणतात. मी म्हटलं, मग बाकीच्यांनाच ठेवा. मला दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहून मत देता येत नाही. आधीही येत नव्हतं, आताही येत नाही.

हे सांगायचं कारण माझी नात. मुलाची मुलगी. अमरावतीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, होस्टेलवर राहायची. सुट्टीत आमच्या गावी यायची, बाळापूरच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिला जपानी चित्रांच्या गोष्टींचा नाद. त्याला मांगा म्हणतात. फोनवर ती बोटानं एकेक पान सरकवायची आणि मी बाजूला बसून पाहायचो. अक्षरं इंग्रजीत, ती वाचून सांगायची. चित्रं मात्र माझी मी पाहायचो.

त्यातून आमचा खेळ सुरू झाला. गोष्ट संपली की दहापैकी मार्क द्यायचे. आधी मी, मग ती. मग ती फोनवर ते ठिकाण उघडायची जिथं जगभरचे लोक त्याच गोष्टीला मार्क देतात, आणि लोकांचे मार्क वाचून दाखवायची. तोवर तिनं ते पाहायचे नाहीत, असा माझा नियम होता. कारण एकदा आकडा कानावर पडला की माणूस आपला हात आत घालत नाही, हे मी जिनात पाहिलं होतं.

आमचं आणि लोकांचं कधी जमलं नाही. एक तलवारबाजीची गोष्ट होती. लोकांचे नऊ, माझे दोन.

"दोन काहून, आबाजी? सारं जग पागल आहे का याच्यासाठी!"

"एवढं रक्त गेल्यावर माणूस बोलत नाही. हा तं दोन पानं भाषण देऊन राहिला."

एक स्वयंपाक्या पोराची गोष्ट. लोकांचे आठ, माझे चार. कढईत कांदा टाकल्याबरोबर लाल झालेला दाखवला होता.

"बाप्पा! कांद्यापायी सहा मार्क कापले?"

"ज्याले कांदा दिसत नाही, त्याले बाकीचं काय दिसणार वं?"

आणि एका म्हाताऱ्याची आणि त्याच्या कुत्र्याची गोष्ट होती, तिला लोकांनी सहा दिले होते. मी दहा दिले. कुत्रं बसतं कसं, उठताना आधी मागचे पाय कसे ताणतं, ते त्या जपानी माणसानं बरोबर धरलं होतं. नात म्हणाली, यात काही घडतच नाही. मी म्हटलं, कुत्र्याजवळ काय घडते? ते असते, हेच घडते. ती हसून लोळली. लोक म्हणजे मेंढरं, एक गेलं की सारी गेली, असं मी दरवेळी म्हणायचो आणि ती दरवेळी चिडायची. मला तिचं चिडणं आवडायचं.

त्या साली कपाशीवर बोंडअळी आली. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत काळं. माझा मुलगा उजाडताच शेतात जायचा, बोंडं फोडून पाहायचा, पुन्हा दुसरी फोडायचा. घरी आला की दोन घास खाऊन भिंतीकडं पाहत बसायचा. आमच्याकडं त्या वर्षांत गप्प माणसाची भीती वाटायची. कोणी ओट्यावर एकटा बसला दिसला की शेजारी उगाच येऊन तंबाखू मागायचा. फवारणीच्या विषाचे डबे बायका कुठं ठेवतात हे नवऱ्यांना ठाऊक नसायचं. कोणी कोणाला तसं सांगितलं नव्हतं, आपोआप सुरू झालं होतं.

दिवाळीला नात आली ती बारीक होऊन. विचारलं तर म्हणाली, मेसचं जेवण. फोनवरच्या गोष्टी काढल्या नाहीत, खेळ नाही. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईसोबत शेजारी गेली आणि मला तिच्या पिशवीत एक पुस्तक दिसलं. छापलेलं, खरंखुरं, जाड. तसलंच, जपानी चित्रांचं. मी ते घेऊन ओसरीत बसलो. विचार केला, आता हिच्या आधी वाचून मार्क काढून ठेवतो.

पहिल्या पानापासून सुरुवात केली. अक्षरं जवळजवळ नव्हतीच. एका घरात मायलेकी जेवत बसलेल्या. पोरगी हसते, आईही हसते. मग पोरगी दारात. मग रस्त्यावर, एकटी, घर दूर. मग शेतं, धानाची असावी, पाणी भरलेली. पोरीच्या पायात चप्पल नाही. मग झाडी. मग नदीचा काठ. मग पाण्यात गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मग फक्त डोकं. शेवटच्या दोन पानांवर नुसतं पाणी होतं. पोरगी नव्हती.

मी पुस्तक बंद केलं. ऊन अंगावर होतं, तरी हात गार पडले.

ती आली तशी मी तिला विचारलं, "हे पुस्तक तुवं घेतलं?"

"हो. तुमी पायलं?" तिचा चेहरा एकदम उजळला. "किती देता?"

"शून्य."

ती पाहतच राहिली. म्हणाली, "लोकाइचे नऊ हायेत. मी दहा दिले."

"दहा? या गोष्टीले? अन् लोकाइले काय झालं, सारे पागल झाले का?"

"आबाजी, तुमाले समजली नाही ते."

"मले कापूस समजते, माणूस समजते, अन् चित्र समजत नाही?"

मग ती हळू म्हणाली, "ह्या पोरीत मीच हावो असं वाटते मले. म्हणून दहा."

एवढं बोलून ती आत गेली. मी तिला परत हाक मारायला पाहिजे होती. विचारायला पाहिजे होतं, म्हणजे काय वं माय? पण शून्य म्हटल्यावर मागं यायचं कसं, हा माझा स्वभाव. मी ओसरीत बसून राहिलो आणि मनातल्या मनात म्हणत राहिलो, तिनंच यावं. ती आली नाही. मी ते पुस्तक उचललं आणि जुन्या कोठीत ज्वारीखाली दाबून ठेवलं. बायका फवारणीचे डबे ठेवतात तसं.

दोन दिवसांनी ती अमरावतीला गेली. पुस्तक शोधलं तिनं, आईला विचारलं. मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मग मी तिला फोन लावू लागलो. सोमवारी उचलला नाही. मंगळवारी फोन बंद. मंगळवारी संध्याकाळीही बंद. सून म्हणाली, परीक्षा असेल. माझ्या डोळ्यांपुढं ती शेवटची दोन पानं. भाकरीचा तुकडा मोडला की पाणी दिसे. मुलाला सांगावं तर तो भिंतीकडं पाहत बसलेला. एकाला सांगायला जावं आणि दुसराच हातचा जावा, असं वाटे. मी कधी असा दोन्हीकडून अडकलो नव्हतो.

बुधवारी सकाळी कोठीतून पुस्तक काढलं, पिशवीत घातलं आणि बाळापूरला गेलो. तिथं माझा जुना सोबती आहे, सतरंज्या विणणारा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. जिनात चार हंगाम माझ्याबरोबर होता, नंतर बापाच्या हातमागावर बसला. उर्दू शाळेत माझ्याएवढाच शिकला. त्याच्याजवळ मी काहीही बोलू शकतो, कारण तो मला कधी शहाणा समजला नाही.

"क्या बुढ्या, सुबे सुबे?" मागावरून न उठता तो म्हणाला. "तोंड काहून उतरलं?"

मी पुस्तक पुढं केलं. "भाई, हे पाय. माझी नात म्हणते, यातली पोरगी मीच हावो. फोन बंद आहे तिचा."

त्यानं हात पुसले, चष्मा लावला आणि पुस्तक उघडलं. उघडलं ते मी धरलं होतं त्याच्या उलट्या बाजूनं, उजवीकडून. जसं तो त्याचं कुठलंही पुस्तक उघडतो. पानं उलटत गेला. मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो. तिथं काहीच भीती दिसेना. शेवटी तो हसला.

"अच्छी तो है. घर आ गई बच्ची."

"कोण घरी आली?"

"ये लडकी. पाण्यातून निघाली, जंगलातून आली, खेतातून आली, दरवाजा खटखटाया, मां ने खाना दिया. और क्या?"

मी म्हटलं, "ती पाण्यात जाते."

"अबे, तू मराठीसारखी वाचून राहिला. हे पाय, पायाचे निशान पाय." त्यानं बोट ठेवलं. चिखलात पावलं होती, टाचा नदीकडं आणि बोटं घराकडं. "बैलाचा खूर पाहून बैल कुठं गेला ते सांगत होता तू. अन् हे नाही दिसलं? जपान की किताब हमारे जैसी चलती है, सीधे हात से. तू उलटी खोल के बैठा और रो रहा है."

खरं होतं. पावलं वाटेच्या दर पानावर होती आणि मी ती पाहिली नव्हती. पहिलं पान कुठलं हे मी एकदा ठरवलं आणि मग पावलांकडं पाहायचं सोडून दिलं. फोनवर ती सरकवायची म्हणून मला कधी कळलंच नव्हतं की पुस्तक त्या बाजूनं सुरू होतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो की वरचं पाहू नका, आत हात घाला. आणि मी वरचंच पाहिलं होतं.

तो चहा ओतायला उठला. म्हणाला, "आता जा घरी, सो जा."

मला उठवेना. मी पुस्तक पुन्हा उजवीकडून उघडलं आणि ती पाण्याची पानं पाहिली. मी त्याला म्हटलं, "भाई, पाण्यातून बाहेर आली, म्हणजे आधी आत गेली होती ना?"

त्याचा हात केटलीवर तसाच राहिला.

"ते पुस्तकात दाखवलं नाही," मी म्हटलं. "पण गेली होती. अन् माझी पोरगी म्हणते, ते मीच हावो."

चहा ओतलाच नाही त्यानं. चप्पल पायात घातली आणि मला गाडी मिळेपर्यंत स्टँडवर उभा राहिला.

बाळापूरहून अकोला, अकोल्याहून अमरावती. तो रस्ता मी आयुष्यात किती वेळा गेलो असेन, पण त्या दिवशी गाडी प्रत्येक फाट्यावर थांबते हे मला नव्यानं कळलं. मूर्तिजापूरला ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. मी खिडकीतून ओरडलो, "अरे चाल ना बाबू, घरी चहा नाही मिळत का तुले?" कंडक्टर म्हणाला, "आजोबा, दवाखान्यात चालले का?" मी हो म्हणालो. खोटं बोललो. पण त्यानं ड्रायव्हरला हाक मारली. गाडी निघाली. मांडीवर पुस्तक धरून मी सारा वेळ पहिल्या दोन पानांकडं पाहत होतो, म्हणजे आता जी पहिली होती त्यांच्याकडं. नुसतं पाणी. त्याच्याआधी काय झालं ते त्या चित्रकारानं काढलं नव्हतं आणि मला तेच पाहिजे होतं.

होस्टेलच्या फाटकावर चार वाजले. तिथल्या वॉर्डनबाईंनी रजिस्टर पुढं केलं. मी म्हटलं, आधी पोरगी दाखवा, मग सही करतो. त्या रागावल्या. मीही रागावलो. रागावलो म्हणजे आवाज कापत होता, तो त्यांना राग वाटला. आणि मग जिन्यावरून ती आली. केस विंचरलेले नाहीत, पायात कोणाच्या तरी मोठ्या चपला.

"आबाजी? काय झालं? बाबाले काही झालं?"

बापासाठी तिचाही जीव तसाच टांगलेला होता, हे मला तेव्हा कळलं.

"कोणाले काही नाही झालं. फोन काहून बंद आहे तुया?"

"पडला. दुकानात टाकला."

मी फाटकाजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसलो. पुस्तक तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "मी उलटीकडून वाचलं होतं."

ती हसू लागली. "म्हणजे ती घरून निघून..." आणि मधेच थांबली. कळलं तिला, मी काय वाचलं होतं ते.

मी बोललो. जे मला कधी बोलता आलं नाही ते बोललो. "मले भेव वाटलं वं माय. मी ते कोठीत लपवलं होतं. भेव वाटलं म्हणून लपवलं."

ती माझ्या बाजूला बसली. बराच वेळ चपलेनं माती उकरत राहिली. मग सांगितलं. उन्हाळ्याच्या परीक्षेत दोन विषय राहिले होते. घरी सांगितलं नव्हतं. बाप फोनवर विचारायचा, कसं चालू आहे, आणि ती म्हणायची मस्त. मग पाऊस, मग बोंडअळी, आणि सांगायची वेळच निघून गेली.

"एक दिवस तलावावर जाऊन बसली मी. काठच्या पाळीवर. खूप वेळ."

मी मधे बोललो नाही.

"मंग?" शेवटी विचारलं.

"मंग काही नाही. भूक लागली. परत आली. मेसमध्ये वरणभात होता." ती माझ्याकडं पाहत नव्हती. "त्याच आठवड्यात मैत्रिणीनं हे पुस्तक दाखवलं. ती पोरगी घरी येऊन नुसती जेवते ना, ते पाहून मी लय रडली. मंग मागवलं मी."

मी तिचा हात धरून बसलो. तो माझ्यापेक्षा गार होता.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "लोकाइनं नऊ काहून दिले, वाचून दाखवू?" मैत्रिणीचा फोन मागून आणला आणि त्या ठिकाणी मार्कांच्या खाली लोकांनी लिहिलेलं ती एकेक वाचून मराठीत सांगू लागली. कुठल्या देशाची माणसं, नाव नाही, गाव नाही. एकानं लिहिलं होतं, मीही एकदा असाच घरी परत आलो. एका बाईनं लिहिलं होतं, माझी मुलगी आली नाही, पण हिला येताना पाहून बरं वाटलं. ते ऐकताना मी मान खाली घातली. त्या लोकांना मी न पाहता मेंढरं म्हटलं होतं. प्रत्येकानं आपापला हात आत घालून मार्क दिले होते.

"आता किती देता?" ती म्हणाली.

"आठ."

"आठच? लोकाइचे नऊ!"

"पोरीची ओली साडी की काय ते कपडे, दोन पानांत वाळले. एवढ्या लवकर वाळत नाही. अन् तिच्या मायनं एकदाही विचारलं नाही, कुठं होती म्हणून. त्याचाही एक मार्क मी कापतो."

ती हसली आणि हसता हसता तोंडावर ओढणी धरली. जाताना म्हणाली, "आबाजी, बाबाले नका सांगू. आता नका. ते आधीच..."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. अमरावतीत माझी एक चुलत बहीण राहते, तिच्याकडं मुक्कामाला गेलो. तिनं वाढलं ते जेवलो. मुलाला त्याच्या भीतीत एकटं ठेवायचं आणि पोरीला तिच्या, आणि मी मधे गप्प बसायचं, तर मग त्या ओट्यावर तंबाखू मागायला येणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा मी काय जास्त केलं? पण सांगितलं आणि तो खचला तर? दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा पाहिल्या. कुठल्या बाजूनं सुरुवात करायची हेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी फाटकावर होतो. तिला खाली बोलावलं, बाकावर बसवलं आणि म्हटलं, "मी नाही सांगत. तू सांग. मी अथीच तुयाजवळ बसतो." ती रडवेली झाली, पण उठून गेली नाही. मी माझ्या फोनवरून मुलाचा नंबर लावला. तो शेतात होता, मागून वारा ऐकू येत होता. म्हणाला, "बाबा, काय झालं? पोरगी ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "ठीक आहे, माझ्याजवळच बसली आहे. शेताच्या धुऱ्यावर बस अन् ती काय म्हणते ते ऐक. तिचं पुरं होईपर्यंत मधात बोलू नोको."

आणि फोन तिच्या हातात दिला.